मामंजींची विलायती शेगडी

कल्याणात थंडी पडते, असं माझ्या सासऱ्यांखेरीज कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मार्गशीर्षात सकाळी खाडीवर धुकं असतं, पौषात आठ-पंधरा दिवस गोधडी दोन्ही बाजूंनी खोचून घ्यावीशी वाटते, आणि संक्रांत झाली की लोक पुन्हा उघडे बसायला लागतात. एवढीच आमच्याकडची थंडी. पण मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, मत वेगळं होतं. त्यांची सगळी नोकरी देशावर, नगर-नाशिकच्या बाजूला झाली होती. पेन्शन घेऊन ते आपल्या गावी परतले, ते कानटोपी, बंडी, दोन धाबळ्या आणि कोळशाची एक लहानशी शेगडी घेऊन.

"देशावरची थंडी सरळ असते," असं ते येईल त्याला सांगत. "समोरून येते, दार लावलं की परत जाते. ही खाडीची थंडी ओली. ती जमिनीतून निघते आणि पायांनी वर चढते."

यावर सासूबाई मला म्हणत, "तिकडे होतो तेव्हा रोज कल्याणची ऊब आठवायची. इकडे आलो, तर तिकडची थंडी गोड झाली. आपण जिथे नाही तिथलं हवामान काही माणसांना फार मानवतं."

बोलणं माझ्याशी असे, पण आवाज मामंजींना ऐकू जाईल इतपत.

मी त्या घरात नवीन होते. माझं माहेर ठाण्याचं. लग्न लहानपणीच झालेलं, पण नांदायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. त्यांना पाणी द्यायचं तर तांब्याभांडं उंबऱ्यात ठेवून बांगड्या वाजवायच्या. त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीकडे बघून विचारत, "कोणी आहे का आत?" मी आत असायचेच. ते त्यांनाही ठाऊक असे.

घर फार मोठं नव्हतं. पुढे ओटी, ओटीला लागून मामंजींची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि मागे न्हाणीशेजारी एक अंधारी खोली. घरातल्या बायकांची बाळंतपणं त्या अंधाऱ्या खोलीत होत. मामंजी आपल्या खोलीत ती लहान शेगडी पायांशी घेऊन बसत. एका पायाला ऊब लागली की दुसरा गार पडे, मग शेगडी सरकवायची. सरकवता सरकवता ती दिवसाकाठी खोलीला एक प्रदक्षिणा घाली, आणि तिच्यामागे राखेची रेघ. ती रेघ सारवून काढणं माझ्याकडे होतं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर स्टेशनाजवळच्या बंगल्यातल्या एका रेल्वेच्या साहेबाची बदली झाली आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. मामंजी शेजारच्या वैद्यबुवांबरोबर नुसते बघायला म्हणून गेले. वैद्यबुवा त्यांचे लहानपणापासूनचे सोबती, अरे-तुरेतले. रोज तिसऱ्या प्रहरी दोघांचा बुद्धिबळाचा डाव ठरलेला. नुसते बघायला गेलेले दोघे परत आले ते एका बैलगाडीच्या पुढे चालत. गाडीत एक काळं, लोखंडी, चार पायांचं धूड होतं, आणि ते धरून ठेवायला चार हमाल होते.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आणणं झालंय?" त्यांनी विचारलं.

"शेगडी," मामंजी म्हणाले.

"शेगडी आहे आपल्याकडे."

"ही मोठी आहे."

ते मात्र खरं होतं. कमरेइतकी उंच, पुढे कडीचं दार, दारावर वेलबुट्टी, पाय सिंहाच्या पंज्यांसारखे. हिच्यात कोळसा नव्हे, लाकडाचे ओंडके घालायचे. धूर खोलीत न येता मागच्या धुराड्यातून थेट छपरावर जायचा, आणि धुराड्यात एक झडप होती. ती फिरवली की विस्तव हवा तसा कमी-जास्त करता यायचा. साहेब आधी खंडाळ्याच्या घाटात होता, तिथून त्याने ही आणली होती, असं मामंजींनी सांगितलं.

"आणि इथे कल्याणात तो हिच्यात काय जाळायचा?" सासूबाईंनी विचारलं.

वैद्यबुवांनी उत्तर दिलं. "काही नाही वहिनी. साहेब शहाणा. त्याने हिच्यावर फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या."

पुढचा वाद शुद्धाशुद्धीचा झाला. साहेबाच्या घरातली वस्तू, तिच्यावर काय काय शिजलं असेल कोण जाणे, असं सासूबाईंचं म्हणणं. अग्नी सगळ्याला शुद्ध करतो आणि हिच्या तर पोटातच अग्नी, असं मामंजींचं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग आधी अंगणात पेटवू दे. चांगली तापू दे, गोमूत्र शिंपडू दे, आणि मग घरात येऊ दे." त्याप्रमाणे ते लोखंडी धूड तुळशीपासून चार हात लांब, शेणी घालून दिवसभर तापवलं गेलं. आळीतली माणसं येऊन बघून गेली. अंगणातल्या धुराड्यातून धूर निघताना पाहून वैद्यबुवांनी तिचं नाव 'इंजिन' ठेवलं, आणि ते नाव चिकटलं.

मामंजींच्या खोलीचं छप्पर उकलून धुराडं बाहेर काढायला गवंडी आला, त्याच्या हाताखाली मामंजी उभे. धुराड्याच्या तोंडावर पावसासाठी पत्र्याची एक टोपी बसवली. त्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "माणसाच्या डोक्याला कानटोपी होतीच, आता घरालाही झाली."

घरात पहिल्यांदा शेगडी पेटवली तो दिवस मला चांगला आठवतो. पौष होता, पण ऊन पडलेलं. मामंजींनी मुद्दाम वैद्यबुवांना डावाला बोलावलं. माजघरातल्या दाराच्या फटीतून मला खोलीतलं सगळं दिसत होतं. सासूबाईही तिथेच गहू निवडायला बसल्या होत्या. गहू परवाच निवडून झाले होते.

ऐनाचे ओंडके चांगले धडाडले. थोड्या वेळाने वैद्यबुवांनी उपरणं काढून बाजूला ठेवलं. मग पगडी. मग त्यांनी अंगरख्याचे बंद सोडले. मामंजी मात्र कानटोपी घालून, धाबळी लपेटून, पटावर नजर लावून बसलेले. त्यांच्या नाकाच्या टोकावरून घामाचा थेंब पटावर पडला, तो त्यांनी अंगठ्याने पुसला.

"कसं वाटतंय?" मामंजींनी विचारलं.

"तुला कसं वाटतंय?" वैद्यबुवांनी उलट विचारलं.

"आत्ता कुठे जरा बरं वाटतंय."

वैद्यबुवांनी आणखी दोन चाली केल्या आणि आपला राजा पटावर आडवा ठेवला. "मी हरलो," ते म्हणाले. "मला बाहेर जाऊ दे."

मामंजींनी पुढे पुष्कळ दिवस हा डाव आपण जिंकल्याचं सांगितलं.

तो सगळा हिवाळा मामंजी त्या इंजिनाच्या सेवेत होते. खोलीचं दार उघडं ठेवून शेगडी पेटवायची, म्हणजे फार उकडत नाही, असा शोध त्यांनी लावला. मग खिडकीही उघडली. दार, खिडकी उघडी, आणि मध्ये शेगडी पेटलेली, अशा खोलीत ते समाधानाने बसत. पण त्या निमित्ताने त्यांनी झडप किती लोटली की ओंडका किती वेळ पुरतो, ओलं लाकूड घातलं तर काय होतं, राखेचा थर किती ठेवावा, हे सगळं नीट शिकून घेतलं. बोलायला दुसरं कोणी नसलं की हे ज्ञान ते भिंतीला सांगत. भिंतीपलीकडे मी वाती वळत असे. त्यामुळे नाही म्हटलं तरी पुष्कळ माझ्या कानावर पडलं.

फाल्गुनात शेगडी थंड झाली. चैत्रात सासूबाईंनी तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवली. मामंजींनी ती उचलून माजघरात नेली. दुसऱ्या दिवशी शेगडीवर कांद्याची टोपली होती. तीही त्यांनी उचलली. वैशाखात कुरडया वाळवायचं सूप तिच्यावर आलं, तेव्हा मामंजी थकले आणि सूप राहू दिलं. फक्त लोखंड गंजू नये म्हणून मधूनमधून खोबरेल तेलाचा बोळा फिरवत.

ज्येष्ठात माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मी त्यांना वन्सं म्हणत असे. वयाने त्या माझ्याएवढ्याच. त्यांचं सासर ठाण्यात, माझ्या माहेरापासून दोन आळ्या सोडून, त्यामुळे त्या आल्या की मला माहेरच्या बातम्या मिळत. दिवस भाद्रपदात भरायचे होते. पण आषाढात एका सकाळी त्या तुळशीला पाणी घालून वळल्या आणि तिथेच खाली बसल्या. सुईण येईपर्यंत मागची खोली कशीबशी सारवून झाली होती. दुपारी बाळ झालं. मुलगी.

मी बाळ पाहिलं तेव्हा मला ते बाळ वाटलंच नाही. तळहातावर मावेल असं काहीतरी, केसाळ, लालसर, ओठ मात्र निळसर. रडली ती मांजराच्या पिलासारखी, एकदाच. सुईणीने तिला पुसून गुंडाळलं आणि बोटांवर महिने मोजले. मग ती सासूबाईंना हळूच म्हणाली, "आठव्यातलं दिसतंय, बाई."

आठव्या महिन्यातलं मूल जगत नाही, सातव्यातलं जगतं, असं तेव्हा सगळ्यांचं पक्कं मत होतं. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"सातव्यातलं आहे," त्या म्हणाल्या.

"पण बाई, ज्येष्ठात तुम्हीच सांगितलंत की..."

"ज्येष्ठात मी चुकले. सातवा आहे. तू बाहेर कोणी विचारलं तर सातवा सांग."

बाहेर पावसाची झड लागली होती. मागच्या खोलीच्या भिंतींना ओल आलेली. बाळंतिणीच्या खाटेखाली मामंजींची ती जुनी लहान शेगडी ठेवली होती, पण कोळसे सर्द झालेले. ते धुमसत, खोलीभर धूर करत, आणि ऊब लागावी तोवर विझत. पुन्हा पेटवावेत तर वन्सं खोकत, बाळ श्वास टाकायला धडपडे. संध्याकाळच्या आधी वैद्यबुवा आले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी जायचं नाही, म्हणून सासूबाईंनी बाळाला उंबऱ्याशी आणलं. वैद्यबुवांनी दोन बोटांनी तिची पावलं चाचपली. रोज थट्टा करणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"औषध द्यावं असं हिच्यात काही नाही," ते म्हणाले. "दूध कापसाच्या बोळ्याने पाजा, थेंब थेंब. पिंजलेल्या कापसात ठेवा. आणि ऊब हवी. सारखी, एकसारखी. मध्येच जास्त, मध्येच कमी, असं चालायचं नाही. रात्रंदिवस, निदान महिनाभर."

सासूबाई बाळाला छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं आणि मग माजघरापलीकडे, मामंजींच्या खोलीच्या दाराकडे. त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. मामंजी तिथेच दारात उभे होते. त्यांनीही ओळखलं होतं. बोलायची पाळी सासूबाईंची होती.

"ते इंजिन इकडे आणता येईल का?" शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही. धुराडं आहे."

"मग आम्ही तिकडे येतो."

मामंजी आत गेले. त्यांनी स्वतःच बिछाना गुंडाळला, बुद्धिबळाचा पट काखेत घेतला, धाबळ्या खांद्यावर टाकल्या आणि ओटीवर जाऊन एका कोपऱ्यात सगळं मांडलं. ऐन आषाढात, पावसाचे शिंतोडे येत असलेल्या उघड्या ओटीवर. मग परत येऊन शेगडीवरचं सूप उतरवलं, विस्तव घातला, आणि बायकांना यायला जागा करून बाहेर झाले. खोलीचं दार त्या दिवसापासून त्यांना बंद झालं.

आता अडचण अशी की शेगडी चालवणारा दाराबाहेर आणि शेगडी दाराआत. सासूबाईंनी जन्मभर चूल पेटवलेली, पण त्या झडपेला त्यांनी हात लावला नव्हता. मामंजी ओटीवरून, दाराकडे पाठ करून, पावसाला सांगितल्यासारखं मोठ्याने सांगत. मी दोघांच्या मध्ये, दाराशी. खरं म्हणजे दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, पण मुलीच्या बाळंतपणाच्या खोलीतून नवऱ्याशी थेट बोलायचं, हे सासूबाईंना बरं वाटत नव्हतं.

"झडप अर्धी लोटायला सांगा."

"मामंजी म्हणतात, झडप अर्धी लोटा," मी आत सांगे.

"अर्धी म्हणजे कुठून अर्धी, विचार."

"सासूबाई विचारतात..." मी भिंतीकडे बघून म्हणे.

"ऐकलं. झडपेची कडी भिंतीकडे तिरकी झाली की अर्धी."

पहिले दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मामंजींनी बाहेरून "आता झडप" एवढं म्हणायच्या आधी आतून कडीचा आवाज आला. मामंजींनी मान हलवली. "शिकल्या," ते पावसाला म्हणाले.

त्यांना शेगडीपाशी जाता येईना, म्हणून त्यांनी लाकडं आपल्या ताब्यात घेतली. माळ्यावरची कोरडी लाकडं झपाट्याने संपत होती. मुरबाडकडून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका त्या पावसात शहाडच्या अलीकडे येऊ शकत नव्हत्या, नदी भरून चालली होती. इकडची स्वारी, म्हणजे माझे यजमान, रोज सकाळच्या गाडीने ठाण्याला कचेरीत जात. येताना ते वखारीतून सागाचे तुकडे पोत्यात भरून आणू लागले. मामंजी ओटीवर कोयता घेऊन बसत. कोरडं एका बाजूला, दमट एका बाजूला. प्रत्येक तुकडा शेगडीच्या दाराला येईल इतकाच लांब. दमट तुकडे ते स्वयंपाकघरातल्या चुलीभोवती रचायला लावत, त्यामुळे मला चुलीपाशी जायला एका बाजूने वाट राहिली होती. एकदा लाकूड फारच कमी पडलं तेव्हा त्यांनी माजघरातल्या झोपाळ्याच्या फळीकडे टक लावून पाहिलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "त्याला हात लावायचा नाही, म्हणावं." त्यांना भिंतीआडून कसं कळलं, देव जाणे.

बाळ शेगडीपासून दोन हातांवर, एका पसरट टोपलीत, कापसात असे. नाक तेवढं दिसायचं. सासूबाई आपला हात टोपलीत घालून ऊब बघत, मग झडपेकडे जात, मग पुन्हा हात घालत. त्या खोलीत इतकं उकडे की वन्संच्या अंगावरचं पातळ पिळून काढावं लागे. पण कोणी खिडकी उघडा म्हटलं नाही.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी वावटळ आली. समोरच्या आळीतलं शेवग्याचं झाड पडलं. आणि छपरावर काहीतरी खणखणत घरंगळत गेलं. थोड्याच वेळात शेगडीतून धूर उलटा खोलीत यायला लागला, आणि आत निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा चरचर आवाज. सासूबाईंनी बाळाला पदराखाली घेतलं आणि मला हाक मारली. मी ओटीकडे धावले. मामंजी लाकडं तोडत होते, त्यांना काही कळलं नव्हतं. भिंतीला सांगायला, बांगड्या वाजवायला तेव्हा सवडच नव्हती.

"मामंजी," मी म्हटलं, "धूर उलटा येतोय. वरून पाणी पण पडतंय. टोपी उडाली वाटतं."

त्या घरात येऊन मी त्यांच्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झडप?"

"झडप उघडीच आहे."

"आता लावून घ्यायला सांग, म्हणजे पाणी खाली येणार नाही. शेगडीचं दार उघडू नका म्हणावं. धूर कोंडला तर कोंडू दे, बाळाला माजघरात घ्या तोवर. आणि शिडी कुठे आहे?"

घरात पुरुषमाणूस ते एकटेच. मी वैद्यबुवांना हाक मारायला गेले. ते आले तोवर मामंजींनी रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, दुमडून, त्याला चार बाजूंनी तारा अडकवल्या होत्या. शिडी न्हाणीच्या बाजूने लावली. एका बाजूने वैद्यबुवांनी धरली, दुसऱ्या बाजूने मी.

"तू वर जाणार?" वैद्यबुवा म्हणाले. "या वयात? या पावसात? तुला थंडी बाधते ना?"

"शिडी नीट धर," मामंजी म्हणाले आणि चढायला लागले.

कानटोपी त्यांनी ओटीवरच काढून ठेवली होती. इतक्या दिवसांत त्यांचं डोकं मी प्रथमच उघडं बघत होते. ते कौलांवरून ओणवे होऊन, एकेक गुडघा टाकत धुराड्यापाशी पोचले. धुराडं तापलेलं होतं. त्यांनी धोतराचा सोगा हाताला गुंडाळून पत्रा बसवला आणि तारा आवळल्या. वर वीज चमकली तेव्हा वैद्यबुवांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण मला वाटलं की मी डोळे मिटले तर शिडी सुटेल.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "छपरावर कोण चढलंय गं?"

"मामंजी," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "उतरले की सांग, कोरडं धोतर माजघरात ठेवलंय. सुंठीचा काढा करते म्हणावं."

मामंजी खाली आले. नखशिखांत भिजलेले, हाताला दोन फोड, गुडघ्याला खरचटलेलं. वैद्यबुवांनी त्यांची नाडी धरली.

"थंडी वाजते का?" त्यांनी विचारलं.

मामंजींनी जरा आठवल्यासारखं केलं. "नाही," ते म्हणाले. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटत असावं.

धूर पुन्हा वरून जायला लागला, खोलीतला निवळला, आणि बाळ पुन्हा टोपलीत गेलं. त्या गडबडीत ती मोठ्याने रडली होती, ते आमच्या मागाहून लक्षात आलं. मांजरासारखी नव्हे, बाळासारखी. सासूबाईंनी मला तीनदा विचारलं, "तूही ऐकलंस ना?" मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

त्यानंतर मामंजी माझ्याशी सरळ बोलू लागले. रिवाज मोडला असं कोणी म्हटलं नाही, कोणाला तेवढा वेळही नव्हता. "मुली, सागाचं संपलं, आता ऐनाचं घाल म्हणावं," असं ते म्हणत, आणि मी "हो मामंजी" म्हणत असे. पुढे सवडीने त्यांनी मला बुद्धिबळाच्या सोंगट्याही ओळखायला शिकवल्या. सासूबाई बघून न बघितल्यासारखं करत.

श्रावण उजाडला तशी मुलगी भरू लागली. पहिल्यांदा गाल आले, मग मांड्यांना वळ्या. सव्वा महिना झाल्यावर वन्संना न्हाऊमाखू घालून बाहेर आणलं आणि सासूबाईंनी नात मामंजींच्या मांडीवर दिली. त्यांनी तिचं पाऊल हातात घेतलं आणि वैद्यबुवांसारखं दोन बोटांनी चाचपलं.

"गरम आहे," ते म्हणाले.

"असायचंच," सासूबाई म्हणाल्या. "सातव्यातली मुलं गरम असतात."

बारशाला आळीतल्या बायका आल्या. त्यांना सासूबाईंनी शेगडी दाखवली. झडप कशी फिरवायची, सागाच्या आणि ऐनाच्या निखाऱ्यात फरक काय, सगळं समजावून सांगितलं. शेगडी कोणी आणली हा विषय कुठेच निघाला नाही. "आमच्या घरी पहिल्यापासून मोठी शेगडी लागते," एवढंच त्या म्हणाल्या. मामंजी ओटीवर बसून ऐकत होते. वैद्यबुवांनी त्यांना कोपराने ढोसलं, पण त्यांनी नजर पटावरून काढली नाही.

मार्गशीर्षात वन्संच्या सासरची मंडळी त्यांना आणि मुलीला न्यायला ठाण्याहून आली. सासू, दीर आणि एक आत्या. जेवणं झाली, पानसुपारी झाली. मुलीचे कपडे, दुपटी, टाळू भरायचं तेल, घुटीचं सामान, सगळं बांधून झालं. सकाळपासून सासूबाई आणि मामंजी आळीपाळीने त्या खोलीत जाऊन येत होते. शेवटी मामंजींनी घसा साफ केला.

"ठाण्याला तळ्याकाठी तुमचं घर," ते वन्संच्या दिराला म्हणाले. "ओल असणारच. पोरीला ऊब लागते. ही शेगडी आम्ही बरोबर देतो. धुराड्यासकट. गवंडी मी इथूनच पाठवतो."

विहीणबाई शेगडी बघायला आत गेल्या. त्यांनी ती पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि धुराडं छपरात गेलं होतं तिथवर नजर नेली. मग बाहेर येऊन अदबीने म्हणाल्या, "एवढं कशाला? आमच्याकडे आहे ना शेगडी."

"ती लहान असेल," सासूबाई म्हणाल्या.

"लहानच आहे," विहीणबाई म्हणाल्या. "आमचं ठाणं उबदार आहे हो."

सासूबाई आणि मामंजी यांनी एकमेकांकडे पाहिलं. हवेबद्दल त्या दोघांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

"तिकडे खाडी जवळ आहे ना?" मामंजी म्हणाले.

"फारच जवळ," सासूबाई म्हणाल्या. "ती ओल पायांनी वर चढते."